एक थेंब म्हणजे तीन-चार लवंगा

आजकाल खेड्यातही पार्सल येतं, आणि त्या पार्सलात कपडे अन् मोबाईलच्या कव्हरसोबत तपकिरी काचेच्या १० मिलीच्या छोट्या बाटल्याही यायला लागल्या आहेत. एसेन्शियल ऑइल. लेमनग्रास, लवंग, संत्रा, पेपरमिंट, टी ट्री. बचत गटातल्या बायका त्याचे साबण करतात, कोणी केसांच्या तेलात टाकतं, अन् व्हिडिओ पाहून कोणी शरबतात, केकमध्ये, चहातही टाकतं. मग प्रश्न येतो, हे तेल म्हणजे आपल्या जवसाच्या नाहीतर फल्ली (शेंगदाणा) तेलासारखंच ना, फक्त वासाचं?

नाही. जवस, फल्ली, तीळ यांचं तेल म्हणजे फॅट, त्याचे रेणू मोठे अन् जड, ते हवेत उडत नाहीत. बाटलीतलं सुगंधी तेल म्हणजे लहान लहान रेणूंचं मिश्रण, ज्यात फॅट अजिबात नसतं, आणि हे रेणू इतके हलके की साध्या हवेतही उडून नाकापर्यंत येतात, म्हणूनच तर वास येतो. घरी पाहायचं असेल तर कोऱ्या कागदावर एक थेंब फल्ली तेल अन् एक थेंब लेमनग्रास टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा, फल्लीचा तेलकट डाग तसाच राहील, लेमनग्रासचा जवळपास गायब. नाही गेला तर समजा विकणाऱ्याने आत साधं तेल मिसळलंय. (वाळा, चंदन ही जड तेलं मात्र अस्सल असली तरी डाग ठेवतात, त्यांना ही परीक्षा लावू नका.)

आपल्याकडे हे तेल पाहायला पार्सलची गरजच नाही म्हणा. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा सगळा संत्र्याचा पट्टा, अन् इथल्या प्रत्येक पोराने संत्र्याची साल मेणबत्तीजवळ दाबून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवलेल्या असतात, नाहीतर भावाच्या डोळ्यात पिचकारी मारून मार खाल्लेला असतो. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. त्यातलं बहुतेक तेल एकाच पदार्थाचं, लिमोनीन, सुमारे ९० टक्के किंवा त्याहून जास्त. हे लिमोनीन थर्माकोल विरघळवतं, रबराचा फुगा फोडतं. सालीचा रस फुगवलेल्या फुग्यावर पिचकारा, फट्कन फुटतो. संत्र्या-लिंबाचं तेल प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका असं सांगतात त्याचं कारण हेच, ते हळूहळू प्लास्टिक खातं अन् प्लास्टिकमधलं काय काय स्वतःत घेतं.

संत्र्याचं तेल साल दाबून निघतं, पण पानं, गवत, लवंग यांचं काढायला वाफ लागते, आणि इथे एक गंमत आहे. लिमोनीन उकळतं १७६ अंशाला, लवंगेतलं युजेनॉल २५४ अंशाला, अन् पाणी तर १०० च्या वर जात नाही, मग ते वाफेसोबत वर येतं कसं? तेल अन् पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघंही आपापला वाफेचा दाब वेगवेगळा लावतात, दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळायला लागतं, म्हणजे १०० अंशाच्या थोडं आधीच. तेलाचा वाटा थोडाच असतो, पण वाफ तासन्‌तास चालू राहिली की थोडं थोडं करत सगळं येतं. वाळ्याच्या मुळ्यांना तर दिवसभर अन् कधी त्याहून जास्त वेळ भट्टी लागते, म्हणून ते तेल इतकं महाग.

हे शास्त्र विदर्भाला नवं नाही. आपल्या माळावर, मेळघाटाच्या उतारावर जे रोशा गवत उगवतं, ज्याला काही भागात तिखाडी म्हणतात, त्याच्या भट्ट्या पूर्वी नाल्याकाठी लागायच्या. गवत फुलोऱ्यावर आलं की कापायचं, मोठ्या भांड्यात पाण्यासोबत भरायचं, तोंड लिंपून बांबूची नळी काढायची, अन् दुसरं भांडं नाल्याच्या गार पाण्यात बुडवून ठेवायचं म्हणजे वाफ तिथे थंड होऊन वर तेल तरंगतं. वऱ्हाड-निमाडातलं हे तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने पार इस्तंबूलपर्यंत जायचं, आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला वापरलं जायचं! कारण रोशाच्या तेलात ७५-८० टक्के किंवा जास्तच जिरॅनिऑल असतं, अन् गुलाबाच्या वासातही जिरॅनिऑल हा मोठा घटक आहे. एक किलो गुलाबाच्या तेलाला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, त्यात आपलं माळावरचं गवत मिसळलं तर व्यापाऱ्याचा केवढा फायदा. आज त्याच तेलाला पामारोसा म्हणून बाटलीवर छापून येतं अन् आपण ते ऑनलाइन मागवतो. असो.

आता स्वयंपाक. माझं स्पष्ट मत आहे की स्वयंपाकघरात हे तेल कसं वापरायचं ते आपल्या बायकांना कोणत्याही व्हिडिओपेक्षा चांगलं कळतं, फक्त त्या त्याला एसेन्शियल ऑइल म्हणत नाहीत. सावजी रस्स्यावरची तर्री घ्या. मसाल्यातलं सुगंधी तेल पाण्यात जवळपास विरघळत नाही, फॅटमध्ये मात्र लगेच विरघळतं, म्हणून लवंग-दालचिनी-मिरे यांचा वास अन् मिरचीचा लाल रंग दोन्ही रस्स्याच्या पाण्यात न राहता वर तरंगणाऱ्या तेलात जाऊन बसतात. तर्री काढून टाकली तर रस्सा फिक्का लागतो तो यामुळे. आणि फॅटमध्ये अडकलेला वास पटकन उडत नाही. गोळाभातावर जेवायला बसल्यावर गरम फोडणीचं तेल ओततात, त्यात हेच आहे, मोहरी-हिंगाचा वास ताज्या तेलात पकडायचा अन् उडायच्या आत ताटात आणायचा. उलट गवती चहा झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळला की सगळं घर घमघमतं, शेजारीण पण विचारते काय करताय म्हणून, पण घरात पसरलेला तो वास कपात येत नाही बापा, तो गेला. गंजावर (पातेल्यावर) झाकण ठेवा, गॅस बंद करून मुरू द्या.

सांबार (पुण्या-मुंबईकडे कोथिंबीर म्हणतात ते) शेवटी वरून टाकतो तेही असंच. त्याच्या पानातले वासाचे अल्डिहाइड उकळले की निघून जातात. पण त्याच झाडाचे धने मात्र आपण भाजतो, कारण धन्यातलं तेल वेगळं, त्यात मुख्यतः लिनालूल असतं, अन् भाजल्याने दाण्यात नवे वास तयार होतात. झाड एक, पानाचं तेल वेगळं अन् बियांचं वेगळं. म्हणून बाटलीवर "कोरिएंडर ऑइल" एवढंच लिहिलं असेल तर पानाचं की बियांचं ते बघा.

बाटलीने फरक पडतो तो मापाचा. लवंगेच्या वजनाच्या साधारण १५ ते १८ टक्के तेल असतं, बाकी सगळी काडी. एका ग्रॅममध्ये दहा-बारा लवंगा बसतात अन् १ मिली तेलाचे साधारण २० थेंब होतात, हिशोब केला तर एक थेंब म्हणजे तीन-चार लवंगांचं सगळं तेल. पाच-सहा थेंब सहज पडतात हातून, म्हणजे वीसेक लवंगा एका भांड्यात. अख्खी लवंग जास्त झाली तर आपल्याला दिसते, काढून टाकता येते, तोंडात आली तर थुंकता येते, थेंबाला हे काहीच नाही. झाडात तेलासोबत जो चोथा असतो तोच आपलं प्रमाण सांभाळत असतो.

तरी वापरायचंच असेल तर खाण्याचं म्हणून विकलेलंच घ्या, पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेची सरकारी संस्था) १४ आकडी लायसन्स नंबर असतो तो बघा, अरोमाथेरपीची बाटली स्वयंपाकात नको, मग ती कितीही प्युअर असो. थेंब थेट पाण्यात टाकू नका, तो वर तरंगतो अन् ज्याच्या वाट्याला येतो त्याची जीभ भाजते. आधी तुपात, तेलात घोळवा, शरबत असेल तर साखरेत चोळून घ्या म्हणजे निदान बारीक पसरतो, अन् सुरुवात थेंबाने नाही, टूथपिकचं टोक बुडवून करा.

आणि सगळंच बाटलीत येत नाही. वायगावची हळद घ्या, तिला २०१६ मध्ये जीआय (त्या गावच्या नावाची सरकारी ओळख) मिळालं. तिच्या वाफेने काढलेल्या तेलात वास असतो पण करक्युमिन (हळदीचा पिवळा रंग देणारा पदार्थ) नसतं, कारण करक्युमिन वाफेसोबत उडत नाही, म्हणून हळदीचं एसेन्शियल ऑइल घेऊन हळदीचे सगळे गुण मिळतील असं कोणी सांगत असेल तर नका ऐकू. मिरचीचं तसंच, तिखटपणा देणारं कॅप्सायसिन वाफेवर येत नाही.

एक प्रयोग मात्र बघण्यासारखा आहे, काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा कापूर, ओव्याचं फूल अन् पुदिन्याचं फूल हे तिन्ही कोरडे खडे एका काचेच्या बाटलीत टाकून हलवा, न तापवता त्याचं पाणी होतं. हीच जुनी अमृतधारा. कापूर एकटा वितळायला सुमारे १७५ अंश लागतात, ओव्याच्या फुलाला (म्हणजे थायमॉल) ५० च्या आसपास, पुदिन्याच्या फुलाला (मेन्थॉल) ४२ च्या आसपास, तो तर अकोल्याच्या मे महिन्यात नुसता ठेवला तरी पाघळतो. पण एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांची शिस्त मोडतात, स्फटिक टिकत नाही अन् वितळण्याचा बिंदू खोलीच्या तापमानाखाली जातो.

हीच बाटली लेकराच्या हाती लागली तर काय, ते पण वाचून घ्या. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, एखादा ग्रॅम कापूर तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो. निलगिरीचं तेल प्यायल्यानेही झटके येतात. लवंगेचं ५-१० मिली तेल पिऊन दोन वर्षांच्या मुलाचं लिव्हर निकामी व्हायला लागल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. अन् गंधपुऱ्याचं तेल, जे गुडघ्याला लावायला घरोघरी असतं, त्याच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिनइतका सॅलिसिलेट असतो, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीसेक गोळ्या एकदम. सर्दी झाली म्हणून बाळाच्या नाकाखाली मेन्थॉल किंवा कापूर चोळायची सवय आहे आपल्याकडे, ती बंद करा, तान्ह्या बाळाचा श्वास त्याने अडखळू शकतो. कोणी प्यायलंच तर उलटी करवायची नाही, हे तेल उलटीतून फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. बाटली सोबत घेऊन सरळ ग्रामीण रुग्णालय गाठायचं.

त्वचेला लावायचं म्हटलं तर प्रमाण सोपं आहे. १०० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात २० थेंब म्हणजे १ टक्का, अंगाला पुरे, चेहऱ्याला त्याच्या अर्धे. लवंगेचं अंगालाही दहा थेंबांच्या वर नको अन् दालचिनीच्या सालीचं तर टाळाच, ते फार चावतं. जवसाचं तेल यासाठी घेऊ नका, खायला उत्तम आहे पण हवा लागली की ते झपाट्याने खवट होतं अन् सुकून चिकट होतं, म्हणून तर ते रंगात वापरतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायचं. नैसर्गिक आहे म्हणून खाजवणार नाही असं काही नसतं, लिमोनीन, सिट्रल, जिरॅनिऑल, युजेनॉल ही चारही नावं युरोपात लेबलवर छापावीच लागणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या यादीत आहेत.

कागदी लिंबाचं सालीतून दाबून काढलेलं तेल लावून उन्हात जाऊ नका. त्यातले फ्युरोकुमारिन नावाचे पदार्थ उन्हातल्या अतिनील किरणांसोबत मिळून कातडी भाजतात, लगेच नाही, एक-दोन दिवसांनी फोड येतात अन् काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर विचारूच नका. नुसता लिंबू पिळून हात न धुता वावरात गेलं तरी होतं हे, अन् बरेच जण त्याला कीडा चावला समजतात. वाफेने काढलेल्या लिंबाच्या तेलात हा त्रास नाही, अन् संत्र्याच्या तेलातही हा धोका नगण्यच.

साबणाचं थोडक्यात. कॉस्टिक सोड्याच्या गार (न उकळता करायच्या) पद्धतीच्या साबणात लवंगेचं तेल टाकलं की मिश्रण साच्यात ओतायच्या आधीच दगड होतं, अन् संत्र्याचा वास महिनाभरात उडतो, त्याऐवजी रोशा किंवा लेमनग्रास चांगलं टिकतं. घरच्यासाठी करा खुशाल, विकायचा असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार अन्न व औषध प्रशासनाचं लायसन्स लागतं, बचत गट आहे म्हणून सूट नाही. वर्ध्याला मगनवाडीत एमगिरी ही ग्रामोद्योगाची सरकारी संस्था आहे, गटाने एकदा तिथे जाऊन विचारावं.

राहिली साठवण. बाटली काचेची, गडद, गच्च भरलेली अन् थंड जागी, टिनाच्या छताखालच्या फळीवर नाही. संत्र्या-लिंबाच्या तेलातलं लिमोनीन हवेशी लागून जे पदार्थ बनवतं तेच खरी अ‍ॅलर्जी देतात, म्हणून उघडलेली बाटली वर्षाच्या आत संपवा अन् उरलं ते फरशी पुसायला घ्या, टर्पेन्टाइनसारखा वास यायला लागला तर ते अंगाला नको. वाळा अन् चंदन लवकर बिघडत नाहीत, उलट जुने झाले की वास मुरतो, फक्त ते घ्यायला परवडलं पाहिजे.