गोत्र कुणाचं लावायचं?

माझ्या मावसबहिणीच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे स्टीलचा एक डबा असायचा. त्यात इंजेक्शनं. रोज रात्री आठला ती स्वतःच पोटावर टोचून घ्यायची आणि शुक्रवारी अंबाबाईची ओटी भरायची. टेस्ट ट्यूब बेबीला घरात कुणाची हरकत नव्हती. डॉक्टरांनी दात्याचे शुक्राणू सुचवले, तेव्हा मात्र सासूबाई म्हणाल्या, "मग गोत्र कुणाचं लावायचं?"

प्रश्न खरा आहे. पिंडदान, श्राद्ध सगळं वंशाला बांधलेलं. पण मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार आहेत आणि औरस, म्हणजे स्वतःच्या पत्नीच्या पोटी स्वतःपासून झालेला, हा त्यातला एकच. नियोगातून, म्हणजे नवऱ्याऐवजी नेमलेल्या दुसऱ्या पुरुषापासून झालेला क्षेत्रजही त्यात आहे, जरी तोच ग्रंथ नियोगाची निंदाही करतो. दत्तकाबद्दल नियम स्पष्ट आहे: जन्मदात्याचं गोत्र सुटतं, घेणाऱ्याचं लागतं. कोल्हापूरकरांना हे पुस्तकातून शिकायला नको. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली दत्तक आले आणि शाहू महाराज झाले.

गांधारीच्या मांसगोळ्याचे १०१ भाग तुपाच्या कुंभांत वाढले, ही कथा विज्ञानाचा पुरावा म्हणून सांगतात. ते मला पटत नाही. पण गर्भ आईच्या पोटाबाहेर वाढतो, या कल्पनेनं ऐकणारे दचकले नाहीत, एवढं त्यातून नक्की कळतं.

आजच्या प्रयोगशाळेत बीजांड आणि शुक्राणू एकत्र आणून ३७ अंशांवर उबवतात आणि साधारण पाचव्या दिवशी गर्भ बारीक नळीनं गर्भाशयात सोडतात. जगातलं असं पहिलं बाळ २५ जुलै १९७८ला इंग्लंडमध्ये जन्मलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. त्यांना खोटं ठरवलं ते सरकारी समितीनं. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. हे वाचताना आजही गलबलून येतं.

२०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार असं मूल त्या जोडप्याचंच. दात्याचा त्याच्यावर हक्क नाही. म्हणजे दत्तकाचाच नियम.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. बहिणीच्या तीन वर्षं तपासण्या चालल्या, उपास झाले, नवस झाले. नवऱ्याची वीर्यतपासणी, सगळ्यांत सोपी आणि स्वस्त, ती शेवटी झाली. दोष निघाला तो तिथंच.

गर्भ सोडून बारा दिवस झालेत. परवा रक्ततपासणी. रिपोर्ट आणायला सासूबाई स्वतः जाणार आहेत.