पुसलेल्या फाइलचं पहिलं अक्षर

१९९१ साली आलेल्या एमएस-डॉसच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, पाचव्या आवृत्तीत 'अनडिलीट' नावाची एक कमांड होती. चुकून उडवलेली फाइल ती परत आणायची, पण बहुतेक वेळा आधी एक विचित्र प्रश्न विचारायची: या फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कोणतं? बाकीचं नाव तिला दिसत असे, तेवढं एक अक्षर गेलेलं.

फाइल डिलीट करणं म्हणजे नेमकं काय, ते या प्रश्नातच होतं. डॉस डिस्कवरच्या फाइलींच्या यादीतल्या त्या नावाच्या पहिल्या अक्षरावर २२९ हा आकडा लिहायचं आणि फाइलनं अडवलेली जागा मोकळी झाल्याची नोंद करायचं. मजकूर जिथल्या तिथे! विंडोजची फाइली ठेवण्याची आजची पद्धत, एनटीएफएस, नावाला धक्का लावत नाही, नोंदीवरची 'वापरात आहे' ही खूण तेवढी काढते. (रिसायकल बिनमध्ये गेलेली फाइल तर डिलीटही झालेली नसते, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलेली असते.)

म्हणजे धोका डिलीट करण्यात कमी, त्यानंतरच्या लिहिण्यात जास्त. मोकळ्या ठरलेल्या जागेवर नवं काहीही येऊन बसू शकतं, आणि आपण हात जोडून बसलो तरी संगणक थोडंफार लिहीतच असतो. ब्राउझर उघडला की त्याच्या तात्पुरत्या फाइली पडतात. सगळ्यात वाईट म्हणजे घाईघाईनं फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणं. ते नेमकं हरवलेल्या फाइलच्या उरावर बसू शकतं. त्यापेक्षा संगणक बंद करावा, डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी, तिची जशीच्या तशी प्रत काढावी आणि शोधाशोध त्या प्रतीवर करावी.

यादीच बिघडली असेल तर? तेव्हा 'फोटोरेक'सारखी सॉफ्टवेअर यादीकडे बघतच नाहीत. जेपेग फोटोची सुरुवात २५५, २१६, २५५ या तीन बाइटांनी होते. डिस्क चाळताना हे आकडे दिसले की तिथून फोटो उचलायचा. फोटो मिळतो, नाव मिळत नाही. फाइलचे तुकडे डिस्कवर विखुरलेले असतील तर अर्धाच फोटो हाती येतो, खाली करडा पट्टा.

हे सगळं मुख्यतः फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचं. एसएसडीचा, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्कचा, स्वभाव वेगळा. तिच्यातल्या लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी ती साफ करावी लागते. म्हणून फाइल डिलीट होताच ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीला कळवते की या जागा आता नकोत. या निरोपाला 'ट्रिम' म्हणतात. विंडोजमध्ये तो विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. मग एसएसडी सवडीनं ती जागा धुऊन टाकते. अशा एसएसडीवर शोध घेतला तर फाइलचं नाव पहिल्या अक्षरासकट सापडतं, आकार आणि तारीखही बरोबर असते. फाइल उघडावी, तर आत बहुधा नुसती शून्यं.