कायद्यातला ‘किंवा’ आणि मुलांची कार सीट

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा सगळी चर्चा दंडाच्या वाढलेल्या आकड्यांवर रंगली. कलम १९४ब मधल्या एका छोट्या शब्दाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. चौदा वर्षांखालचं मूल गाडीत सीटबेल्टने किंवा ‘चाइल्ड रिस्ट्रेंट सिस्टिम’ने, म्हणजे मुलांच्या खास सीटने, बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड, असं हे कलम सांगतं. १ सप्टेंबर २०१९ पासून दुरुस्ती लागू झाली. महाराष्ट्रात नव्या दंडांची अंमलबजावणी सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडलं.

सगळा गुंता त्या ‘किंवा’मध्ये आहे. तान्हं बाळ आणि आठवीतला मुलगा, दोघांनाही एकाच वाक्यात बसवलंय. आठवीतल्या मुलाला गाडीतला पट्टा बहुधा नीट बसतो. चार वर्षांच्या मुलीला तोच पट्टा लावून पाहा. खांद्यावरचा भाग थेट गळ्याशी येतो. टोचतो म्हणून ती तो काखेखालून घेते. कमरेचा भाग ओटीपोटाच्या हाडावर टिकत नाही, वर सरकून पोटावर येतो. धडक बसली की सगळा भार आतल्या मऊ अवयवांवर पडणार. पण कलमाच्या शब्दांपुरतं पाहिलं, तर तिला पट्टा लावलेला आहे आणि पालकांची जबाबदारी संपली आहे. सहा महिन्यांच्या बाळाला हा पट्टा लावताच येत नाही, म्हणजे त्याच्यासाठी सीट हवीच. तेही ज्याचं त्याने ताडायचं. कलमात ना वजन आहे, ना उंची, ना बाळाचं तोंड कुठल्या दिशेला असावं याचा उल्लेख.

सीट परवडत नाही, भाड्याच्या गाडीत ती कुठून आणणार, आपल्याकडची बहुतेक मुलं तर दुचाकीवरून जातात, म्हणून शब्द सैल ठेवणं व्यवहाराचं होतं, असं या मसुद्याच्या बाजूने म्हणता येतं. पण मग दुचाकीसाठीच फेब्रुवारी २०२२ मध्ये निघालेला नियम पाहा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट हवं, चालकाशी जोडणारा तीस किलो पेलणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. इतकी नेमकी भाषा दुचाकीसाठी जमते, तर कारसाठी का नाही जमली? शिवाय सीट कशी असावी हे ठरवायचं बाकी नव्हतंच. त्याचं भारतीय मानक, एआयएस-०७२, युरोपातल्या ४४ क्रमांकाच्या नियमावर बेतून आधीच तयार होतं. त्या सीटमध्ये कुणी बसायलाच हवं, एवढंच लिहायचं राहिलं.

केरळमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये ही फट बुजवायचा प्रयत्न झाला. चार वर्षांपर्यंत मागच्या बाकावर चाइल्ड सीट आणि पुढे १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत बूस्टर (पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारं आसन), न वापरल्यास डिसेंबरपासून दंड, असं तिथल्या परिवहन खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर केलं. टीका होताच मंत्र्यांनी माघार घेतली. माझ्या मते अधिकाऱ्याचं बरोबर होतं. १३५ हा आकडा त्याने हवेतून काढलेला नव्हता. युरोपात सीटची सक्ती १५० सेंटिमीटरपर्यंत आहे आणि देशांना ती १३५ पर्यंत खाली आणण्याची मुभा आहे.

अशी पळवाट अमेरिकेतही ठेवली गेली होती. टेनेसी राज्याने एका बालरोगतज्ज्ञाच्या पाठपुराव्यामुळे १९७८ पासून मुलांसाठी सीट सक्तीची केली. तसं करणारं ते तिथलं पहिलं राज्य. पण मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल तर चालेल, अशी सवलत त्या कायद्यात घुसवली गेली. ती १९८१ मध्ये काढावी लागली. ताशी ५० किलोमीटरला गाडी आदळली की दहा किलोचं बाळ क्षणभर दोनशे किलोच्या आसपास ओढ देतं. आईचे हात कितीही घट्ट असले तरी ती ओढ त्यांना पेलत नाही. आपल्याकडे आजही ‘पुढे ये, माझ्या मांडीवर बस’ हे मायेनेच म्हटलं जातं, आणि म्हणूनच ते मोडून काढणं अवघड आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९३० च्या दशकातल्या सीट मुलाला उंच बसवून एका जागी ठेवण्यापुरत्या होत्या. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या आसनावरून मागे तोंड करून बसवण्याची कल्पना पुढे आली. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार जड असतं. मागे तोंड असलं की धडकेचा भार मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरतो.

आपल्या दुकानांत ज्या सीट दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या मागच्या बाजूला एक नारिंगी लेबल असतं. त्यावर वर्तुळात ‘ई’ आणि मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा (१ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स), खाली ‘९–१८ किलो’ अशी वजनाची पट्टी, आणि ०४ ने सुरू होणारा मान्यता क्रमांक. हा ०४ म्हणजे ४४ क्रमांकाच्या नियमाची शेवटची आवृत्ती. २०१३ मध्ये आलेला १२९ क्रमांकाचा नियम वजनाऐवजी उंची धरतो, बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी घेतो, आणि पंधरा महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवायला लावतो. जुन्या नियमाच्या सीटची विक्री युरोपीय संघात सप्टेंबर २०२४ पासून थांबली आहे. आपलं मानक त्याच जुन्या नियमावर उभं आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, आणि त्यात दोघेही गेले. त्यानंतर मुंबईत १ नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांनाच पट्टा सक्तीचा झाला. त्या वेळी उठलेली चर्चा मोठ्यांच्या पट्ट्यावर थांबली. मुलांच्या सीटपर्यंत ती पोचली नाही.

ऑक्टोबर २०२३ पासून भारतात गाड्यांना धडक-चाचणीचे तारे देण्याची योजना सुरू झाली. त्यात मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी वेगळे गुण असतात. चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बांधून बसवतात. ते गुण अशा बांधलेल्या मुलाचे असतात. शोरूममधून गाडी घरी येते, तेव्हा ती सीट सोबत येत नाही.