चर्चागट, परिस्थितिविज्ञान व क्रमविकास या विषयांचे

विद्यापीठांत व महाविद्यालयांत जीवविज्ञानाचे विद्यार्थी आणि शिक्षक नेमाने एकत्र जमून एखादा शोधनिबंध वाचतात व त्यावर वाद घालतात, अशा अनौपचारिक मंडळास चर्चागट म्हणतात. ‘वाचनगट’, ‘अभ्यासमंडळ’ ही नावेही चालतात; बोलण्यात मात्र ‘जर्नल क्लब’च रूढ आहे. त्याला श्रेयांक, हजेरी वा परीक्षा नसते. परिसंवादात वक्ता स्वतःचे काम मांडतो. चर्चागटात दुसऱ्याचे काम सर्वांनी मिळून तपासायचे असते. निबंधाचा नुसता सारांश सांगून उठणाऱ्या बैठकीस चर्चागट म्हणणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. या नोंदीतील स्थानिक उदाहरणे सातारा व सांगली या जिल्ह्यांतील आहेत.

उगम : याविषयी एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ पहिल्या जर्नल क्लबचे श्रेय कॅनडाचे वैद्य विल्यम ऑस्लर यांना देतात. त्यांनी माँट्रिऑलच्या मॅगिल विद्यापीठात १८७५ मध्ये असा गट सुरू केला. दुसरे मत इंग्रज शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांच्या आठवणींवर (१९०१ मध्ये प्रसिद्ध) आधारलेले आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाजवळ पाव भाजणाऱ्याच्या दुकानावरील लहानशा खोलीत काहीजण नियतकालिके वाचायला बसत, असे त्यांनी लिहिले आहे. हा काळ साधारणपणे १८३५ ते १८५४ मधला मानला जातो. मात्र ऑस्लर यांचा एक हेतू एकट्याला न परवडणारी नियतकालिके मिळवणे हा होता आणि पॅजेट यांची खोली तर वाचनालयाच्याच जवळ जाते. दोन्ही ठिकाणी भर आहे तो छापील मजकूर हाती पडण्यावर.

शिवाय ही दोन्ही उदाहरणे वैद्यकातील आहेत. परिस्थितिविज्ञान (इकॉलॉजी) व क्रमविकास (उत्क्रांती) या शाखांपुरते पाहिल्यास निसर्गेतिहासाच्या विद्यार्थिमंडळांकडे वळणे अधिक सयुक्तिक ठरते. एडिंबरो विद्यापीठातील प्लिनियन सोसायटी १८२३ मध्ये स्थापन झाली. तिच्या बैठका विद्यापीठातल्या एका तळघरात भरत. निबंध वाचला जाई व लगेच त्यावर चर्चा होई. वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या चार्ल्स डार्विन यांनी २७ मार्च १८२७ रोजी तेथे सागरी प्राण्यांवरील आपली निरीक्षणे मांडली. तेव्हा ते १८ वर्षांचे होते. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्या घरी आठवड्यातून एकदा संध्याकाळी विद्यार्थी व अध्यापक जमत. पदवी न पाहता कोणीही बोलावे ही चर्चागटाची खूण या परंपरेत अधिक स्पष्ट दिसते.

परिभाषा : सातारा जिल्ह्याचा या विषयाशी एक जुना व फारसा न सांगितला जाणारा संबंध शब्दांच्या बाजूने आहे. मराठी विश्वकोशाचे काम लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे उभे राहिले व पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. ‘इकॉलॉजी’साठी ‘परिस्थितिविज्ञान’ आणि ‘इव्होल्यूशन’साठी ‘क्रमविकास’ ही नावे विश्वकोशाने स्वीकारली. बोलण्यात व पाठ्यपुस्तकांत मात्र ‘उत्क्रांती’च टिकून आहे. ‘उत्’ या उपसर्गात वर चढण्याची छटा आहे आणि सजीवांचा बदल म्हणजे पायरीपायरीने होणारी उन्नती हा गैरसमज तिने पक्का होतो. अर्थात ‘विकास’ हा शब्दही त्यातून पूर्ण सुटत नाही. तरी दोहोंपैकी ‘क्रमविकास’ कमी दिशाभूल करतो, म्हणून या नोंदीत तो वापरला आहे. ‘प्रजाती’चा घोळ याहून मोठा आहे : काही ग्रंथांत तो शब्द वंशासाठी (जीनस), तर वृत्तपत्रांत सर्रास जातीसाठी (स्पीशीज) येतो. चर्चेच्या आरंभी कोणता अर्थ धरायचा हे ठरवून घेतलेले बरे.

चर्चेचे स्वरूप : गटात निबंध कसा उलगडतो हे दाखवण्यास साताऱ्याजवळचेच उदाहरण पुरेसे आहे. ठोसेघरच्या बाजूला असलेल्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तेथील रंगीत गळ्याच्या सरड्याची ‘सारडा सुपर्बा’ ही जाती २०१६ मध्ये वर्णिली गेली. वंशाचे नाव मराठी ‘सरडा’वरूनच घेतले असून त्याच निबंधातील दुसऱ्या एका जातीस डार्विन यांचे नाव दिले आहे. २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात या पठारावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात कापशीसारखे शिकारी पक्षी कमी होतात, त्यामुळे सरड्यांची दाटी वाढते आणि त्यांचे वर्तन, शरीरक्रिया व रूप यांतही फरक पडतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. पवनचक्की येथे जणू अन्नसाखळीच्या शेंड्यावरचा नवा शिकारी ठरते.

खरी चर्चा यानंतर सुरू होते. तुलना चक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची आहे, एकाच जागेच्या आधीच्या व नंतरच्या स्थितीची नाही. मग इतर फरक कसे वगळायचे? सगळ्या जागा एकाच पठारावरच्या असतील तर त्यांना स्वतंत्र नमुने मानता येईल का? (परिस्थितिवैज्ञानिक स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये ‘आभासी पुनरावृत्ती’चा, म्हणजे स्वतंत्र नसलेले नमुने स्वतंत्र मानण्याचा, जो दोष दाखवला तो परिस्थितिविज्ञानाच्या गटांत आजही वारंवार निघतो.) गळ्याचा रंग फिका पडला तो भक्षक घटल्यामुळे, की दाटीत खाणे अपुरे पडल्यामुळे? आणि हा बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा, म्हणजे क्रमविकासाचा आहे, की त्याच सरड्याने परिस्थितीला दिलेला प्रतिसाद? शेवटचा प्रश्न सुटण्यास प्रजनन-प्रयोग लागतात. निबंध कमकुवत आहे असा याचा अर्थ नव्हे. चांगलाच निबंध असे प्रश्न पेलू शकतो.

दुसरे उदाहरण साताऱ्याजवळच्या कास पठाराचे. तेथील टोपली कारवी हे झुडूप सुमारे सात वर्षांनी एकदम फुलते. एकदम आलेले सगळे बी खाऊन संपवणे भक्षकांना जमत नाही, हे परिस्थितिवैज्ञानिक डॅनियल जॅन्झन यांनी बांबूंच्या संदर्भात १९७६ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण कारवीलाही लावले जाते. त्यासमोर क्रमविकासाचे अभ्यासक गूल्ड व लेवाँटिन यांचा १९७९ चा निबंध ठेवणे उपयोगी पडते : प्रत्येक गुणधर्म हे अनुकूलनच (म्हणजे जगण्यास उपयोगी पडतो म्हणूनच टिकलेला), असे गृहीत धरून कथा रचण्यावर त्यांनी आक्षेप घेतला होता.

संस्था : सातारा व सांगली या जिल्ह्यांतील उच्च शिक्षण शिवाजी विद्यापीठाच्या (कोल्हापूर, स्थापना १९६२) छायेत वाढले, साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ २०२१ मध्ये झाले. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासूनचे आहे. नियतकालिकांच्या वर्गणीची अडचण अलीकडे काहीशी कमी झाली, कारण २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘बायोआर्काइव्ह’सारख्या संग्रहांत नियतकालिकात छापले जाण्यापूर्वीचे निबंध विनामूल्य मिळतात. मात्र ते समीक्षकांच्या हाताखालून गेलेले नसतात, त्यामुळे ते तपासण्याचे काम गटालाच करावे लागते.

सांगली जिल्ह्यात चर्चेस उत्तम विषय म्हणजे सागरेश्वर अभयारण्य. सुमारे ११ चौरस किमी. क्षेत्रातील हे वन बहुतांशी लावलेले असून प्राणीही बाहेरून आणून सोडलेले आहेत. त्यास मूळ परिसंस्थेची पुनःस्थापना म्हणावे की नवी परिसंस्था, याचे उत्तर त्या टेकड्यांवर पूर्वी गवत होते की झाडी यावर अवलंबून आहे.