अटकेतलं बळ आणि जमावावरची लाठी

पणजीत एखाद्या मोर्चावर लाठी चालली की संध्याकाळी ऑम्लेट-पावाच्या गाड्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘छातीवर नावाची पट्टीच नव्हती, म्हणजे लाठीमारच बेकायदा!’ राग खरा असतो, पण कलम चुकीचं. अटकेतलं बळ वेगळं आणि जमाव पांगवण्याचं वेगळं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, पट्टीचा नियम कलम ३६ मध्ये आहे, आणि तो अटक करणाऱ्या पोलिसाला आहे. नाव स्पष्ट वाचता आलं पाहिजे. अटकेचा पंचनामावजा कागद तिथेच तयार व्हायला हवा. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष हवी, आणि अटक झालेल्याची सहीही. बळाचं मोजमाप एका माणसापुरतं असतं. तो गुमान चालायला लागला तर अंगाला हात लावायचीही गरज नाही. झटापट केली तर आवश्यक तेवढंच बळ. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यातल्या आरोपीचा जीव घेण्याचा अधिकार अटकेच्या कलमातून मिळत नाही.

जमावाचं कलम १४८. पाच किंवा जास्त माणसं, शांतताभंगाची शक्यता, आणि सहसा आधी पांगण्याचा हुकूम. तो मामलेदारासारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याने द्यायचा किंवा पोलीस स्थानकाच्या प्रमुखाने. प्रमुख नसेल तर किमान उपनिरीक्षकाने. साध्या शिपायाने मनात आणून लाठी उगारायची नाही. पट्टीचा उल्लेख या कलमात नाही. गणवेशावर ती असायला हवी हे खरं, पण ती शिस्तीची बाब झाली. इथे खरा प्रश्न वेगळा: हुकूम कोणी दिला, आणि तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला का? शिवाय या कारवाईबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर कलम १५१ खाली सरकारची मंजुरी लागते. माझ्या मते सामान्य माणसाला सगळ्यात जड जाते ती हीच पायरी.

दोन्ही गोष्टी पोलिसांच्या गाडीच्या दाराशी एकत्र येतात. पांगवता पांगवता कुणाला अटक करून आत बसवलं, की त्याच्यापुरतं कलम ३६ सुरू. तेव्हा मोबाईल लाठीवर नाही, हाताला धरून नेणाऱ्या पोलिसाच्या छातीवरच्या पट्टीवर रोखावा. पुढे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज लिहिताना ‘एक पोलीस’ असं लिहावं लागत नाही.