वीस मीटरवरून पडणारा माणूस थांबतो कसा?

स्टंट डिझाइनसाठी ऑस्करचा स्वतंत्र पुरस्कार द्यायचं अकादमीने एप्रिल 2025 मध्ये जाहीर केलं. 2027 मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून तो सुरू होईल. उडी मारणाऱ्याइतकंच ती आखणाऱ्याचंही नाव होणार, हे फार बरं झालं. कारण डुप्लिकेट काळजाचा घट्ट असतो आणि खाली काहीतरी मऊ अंथरलेलं असतं, एवढ्यावरच आपली या कामाची समजूत थांबते. प्रत्यक्षात मऊपणाला तिथे फारसं महत्त्व नसतं. महत्त्व असतं ते थांबायला किती अंतर मिळतं आणि त्या अंतरात जोर कसा वाटला जातो याला.

शाळेतलं गणित पुरेसं आहे. 20 मीटर पडायला 2 सेकंद लागतात आणि शेवटी वेग ताशी 71 किलोमीटर होतो. काँक्रीटवर शरीर फार तर 5 सेंटिमीटरमध्ये थांबतं, म्हणजे सरासरी जोर शरीराच्या वजनाच्या सुमारे 400 पट. तेच 2 मीटरमध्ये थांबवलं तर 11 पट. हा 11 चा आकडा निरोगी माणूस पाठीवर सहज सोसतो. अमेरिकी हवाई दलाच्या जॉन स्टॅप यांनी 1954 मध्ये रॉकेटच्या गाडीवर स्वतःला बांधून घेऊन 46 पट सोसले होते, पण ते छाती-पाठीच्या दिशेने. मणक्याच्या उभ्या दिशेने त्याच्या निम्म्याहून कमी जोरातही मणके दबून मोडू शकतात. म्हणून उंच उडीत पाठीवरच पडायचं, हनुवटी छातीला लावून, हात पसरून. हात खाली टेकवायचा नाही.

आता 11 ही सरासरी झाली. खाली 2 मीटर दबणारी स्प्रिंग असती तर? स्प्रिंग दबेल तसा तिचा जोर वाढतो. सुरुवातीचं अंतर जवळजवळ वाया जातं आणि तळाशी जोर सरासरीच्या दुप्पट, म्हणजे 22 पट होतो. शिवाय साठवलेली सगळी ऊर्जा परत मिळाल्यामुळे माणूस वर उडतो आणि गादीबाहेर पडतो. म्हणजे चांगल्या गादीने सुरुवातीपासून जवळपास सारखा जोर लावला पाहिजे आणि काहीही परत देता कामा नये.

रिकामी पुठ्ठ्याची खोकी हे काम सुंदर करतात. खोक्याच्या भिंतीला एकदा घडी पडली की ती तशीच चुरगळत जाते आणि ऊर्जा त्या घड्यांत संपते. साधारण दीड फूट बाजूची खोकी थरावर थर रचतात, ती कडेला सरकू नयेत म्हणून बाहेरून दोर आवळतात, वर पातळ गाद्या आणि ताडपत्री. ओल ही त्यांची शत्रू. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेला पुठ्ठा नरम पडतो आणि माणूस थेट जमिनीपर्यंत जातो. ब्रिटिश स्टंटमन गॅरी कॉनरी 2012 मध्ये विंगसूट घालून, पॅराशूट न उघडता उतरले, तेही 18,600 खोक्यांवर.

उंची वाढली की एअरबॅग लागते. बंद पिशवीतली हवा म्हणजे पुन्हा स्प्रिंगच. म्हणून तिच्या कडांना झडपा ठेवतात आणि पंखे सतत हवा भरत राहतात. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने अर्धवट दाबून दांडा ढकलला तर जेवढ्या जोरात ढकलाल तेवढा विरोध वाढतो, तसंच इथे घडतं. झडपेतून दुप्पट वेगाने हवा बाहेर काढायला दाब चौपट लागतो. त्यामुळे शरीर वेगात असताना दाब जास्त, वेग उतरला की दाबही उतरतो. हवा दबण्याचा वाढता जोर आणि झडपांचा उतरता जोर एकत्र आले की सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखा, पाहिजे तसा जोर मिळतो. झडपा फार उघड्या राहिल्या तर तळ लागतो, फार आवळल्या तर माणूस उसळतो. 55 किलोच्या मुलीसाठी आणि 90 किलोच्या गड्यासाठी त्या वेगळ्या लावाव्या लागतात.

पिशवी कितीही चांगली असली तरी उडी चुकू शकते. समोर झेपावून पाठीवर पडायला शरीराला 270 अंश फिरावं लागतं. 10 मीटरवरून त्यासाठी 1.43 सेकंद मिळतात. ती गिरकी अंगवळणी पडल्यावर तीच 20 मीटरवरून घेतली तर शरीर सुमारे 380 अंश फिरतं आणि पाय आधी टेकतात. पाय कमी जागेवर खोल रुततात, अंग दुमडतं, गुडघा तोंडावर आदळतो. हवेत नवी गिरकी निर्माण करता येत नाही. अंग आखडून ती वाढवता येते, ताणून कमी करता येते, तेवढंच. म्हणून सराव 3-4 मीटरपासून, थोडी थोडी उंची वाढवत करतात.

पिशवीलाही मर्यादा आहे. 1978 मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनला स्टंटमन ए. जे. बाकुनास 300 फुटांहून उंचावरून पडले. पिशवी फाटली आणि त्यात त्यांचा जीव गेला. 20 मीटरच्या तुलनेत तिथे साडेचार पटींहून जास्त ऊर्जा जिरवायची होती.

पाणी तर गादी मुळीच नव्हे. शिवाय पाण्यात पडून वाचलेल्याला वर यावं लागतं. नोव्हेंबर 2016 मध्ये बंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात हेलिकॉप्टरमधून उडी घेतलेले दोन कलाकार बुडाले. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. अशा वेळी 'नशीब' म्हणून विषय मिटवणं मला संतापजनक वाटतं. शॉटआधी सेटवर नारळ जरूर फोडावा, पण त्याआधी पंखा, झडपा, वारा आणि वाचवणारी होडी तपासलेली असावी. 'हीरोने सगळे स्टंट स्वतः केले' या जाहिरातीही थांबाव्यात. त्यांनी खऱ्या कलाकाराचं श्रेय जातं आणि घरी नक्कल करणाऱ्या पोरांना चुकीचा धीर मिळतो.

रिटेकसाठी चुरगळलेली खोकी बदलतात, झडपा पुन्हा लावतात, पिशवी ताठ होईपर्यंत थांबतात. मणक्यांच्या चकत्या मात्र बदलता येत नाहीत आणि 11 पटींचे शेकडो धक्के त्यांच्यात साठत जातात. त्यामुळे चाळिशीच्या सुमारास अनेकजण उड्या कमी करून रिगिंगकडे, म्हणजे दोर-तारांच्या बांधणीकडे, वळतात किंवा फाइट मास्टर होतात, आणि दुसऱ्यांच्या उड्यांसाठी झडपा लावू लागतात.