नवीन पिकअप घेताय? कुठल्या देशात कुठली चालते आणि आपल्याला कुठली परवडते

पिंपळगाव भागात आम्ही पिकअपच्या बॉडी बांधतो, हौदा, फाळका, ताडपत्रीच्या कमानी, जाळी सगळं. हल्ली बरीच गिऱ्हाइकं मोबाईलवर अमेरिकेतल्या गाड्या दाखवून विचारतात, असली आपल्याकडं का नाही, आणि मिळाली तर घ्यावी का. उभ्या उभ्या सांगून होत नाही म्हणून हे छापलंय.

अमेरिकेत फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे. तिथं रस्ते रुंद, घरापुढं जागा, आणि खूप लोक ती घरची गाडी म्हणूनच घेतात, मागं ट्रेलर नाहीतर बोट ओढतात. त्यात युरोपानं अमेरिकन कोंबडीवर कर लावला म्हणून चिडून अमेरिकेनं १९६४ मध्ये बाहेरून येणाऱ्या छोट्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला तो अजून चालू आहे, त्यामुळं बाहेरच्या लहान स्वस्त पिकअपची वाटच अडली आणि तिथल्या मोठ्या गाड्यांना रान मोकळं मिळालं. म्हणजे नुसती लोकांची आवड नाही, कायदाही आहे त्यात.

जपानात अगदी उलटं, ६६० सीसीचा ३.४ मीटर लांबीच्या आतला ट्रक, माल ३५० किलो, पण भातशेतीतल्या चिंचोळ्या वाटेनं बरोबर जातो. ब्राझीलमध्ये फियाटची छोटी स्ट्राडा २०२१ मध्ये सगळ्या गाड्यांत पहिली आली. ऑस्ट्रेलियात तर १९३४ पासूनची गोष्ट सांगतात, एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्डला लिहिलं की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या, आणि जिलाँगच्या कारखान्यात ती बनली. दक्षिण आफ्रिकेत आपली महिंद्रा पिकअप चालते, २०१८ पासून डर्बनला तिची जुळणी होते, आम्हाला याचा खरंच अभिमान वाटतो.

आमच्या धंद्याला सगळ्यात जवळचा देश थायलंड. तिथं पिकअपवर कारपेक्षा कमी कर, त्यामुळं शेतकरी, दुकानदार, नोकरदार सगळेच पिकअप घेतात, इसुझू डी-मॅक्स नाहीतर टोयोटा हायलक्स. मधे बँकांनी कर्ज आवळलं तर पिकअपचा खप धाडकन पडला, कारण घेणारा माणूस हप्त्यावरच घेतो, आपल्यासारखाच. २०२३ च्या शेवटी टोयोटानं तिथं हायलक्स चॅम्प आणली, मागचा डेक सपाट आणि त्यावर बोल्टची भोकं कंपनीतूनच पाडलेली, म्हणजे भाजीवाल्यानं, चहावाल्यानं हवी ती बॉडी बसवावी. अशी गाडी आपल्याकडं आली तर आमच्यासारख्यांचं निम्मं वेल्डिंग वाचेल.

आता आपलं. हायलक्स भारतात २०२२ मध्ये आली, दमदार आहे, पण डबल केबिनमुळं हौदा जेमतेम पाच फुटी, आणि किंमत तीस लाखांच्या घरात. शौकाला, डोंगरात फिरायला जरूर घ्या. टोमॅटो वाहायला मात्र बोलेरो पिकअपचा नऊ-दहा फुटी हौदाच कामाचा, आणि गल्लीबोळात माल टाकायचा तर २००५ पासूनचा छोटा हत्ती आहेच.

हिशोब असा करा. गाडी १३०० किलो माल वाहणारी, कॅरेटमध्ये २० किलो टोमॅटो आणि रिकामं कॅरेट दोन किलो धरलं तर ५९ कॅरेट बसतात, जास्त नाही. त्यात जाड पत्र्याची बॉडी आणि वर लोखंडी कॅनोपी घेतली की तेवढं वजन मालातून जातं, म्हणून कुणी सगळीकडं चेकर पत्रा (उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा) मागितला तर आम्ही फक्त तळाला टाका म्हणतो. ओव्हरलोड धरली तर २० हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, स्प्रिंगचे पाटे बसतात ते वेगळंच. लायसन्सचं म्हणाल तर मालासकट एकूण वजन साडेसात टनाच्या आत असेल तर साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलंय.

बुकिंग करायच्या आधीच एकदा येऊन जा. कुठला माल, एका फेरीला किती, शेतापासून डांबरीपर्यंतची वाट कशी आणि परतीला काय भरणार एवढं सांगा, हौद्याचं माप आम्ही काढून देतो, त्याचे पैसे नाहीत. नुसती चेसिस-केबिन, म्हणजे मागं हौदा नसलेली गाडी घेणार असाल तर बॉडी पासिंगच्या आधी पूर्ण व्हावी लागते, तेवढे दिवस हातात ठेवा.